पंधरा मिनिटांच्या ओळी

आत्याचं पिशवीचं ऑपरेशन चाकूरच्या एका दवाखान्यात झालं. पूर्ण भूल दिली होती. तिच्या खाटेला टांगलेला कागद मी त्या दुपारी किती वेळा वाचला असेन! सिस्टर त्याला टीपीआर चार्ट म्हणतात. ताप, नाडी, श्वास, आणि शेजारी बीपीचा रकाना. ऑपरेशननंतरच्या पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी एक ओळ.

२.१५ : नाडी ८४, बीपी १२२/७८, श्वास १६.
२.३० : नाडी ८८, बीपी १२०/८०, श्वास १८.
२.४५ : नाडी ९८, बीपी ११८/८६, श्वास २०.
३.०० : नाडी ११०, बीपी ११६/९०, श्वास २४.

नुसता बीपीचा वरचा आकडा पाहिला तर १२२ चे ११६ झाले, एवढंच. घाईतला माणूस ‘बीपी नॉर्मल’ म्हणून पुढच्या खाटेकडे जाईल. पण खालचा आकडा वर चढतोय. दोहोंतलं अंतर ४४ वरून २६ वर आलंय आणि त्याच वेळी नाडी धावू लागलीय. वेदनेनंही नाडी वाढते, पण तेव्हा वरचं बीपीही बहुधा चढतं. इथं ते हळूहळू उतरतंय. आत कुठंतरी रक्त झिरपत असलं की शरीर रक्तवाहिन्या आवळून घेतं, हृदय वेग वाढवतं आणि वरचा आकडा बराच वेळ सावरून धरला जातो. तो कोसळतो तेव्हा उशीर झालेला असतो. या चार ओळींचा अर्थ एकाही आकड्यात नाही, आकडे एकमेकांपासून कसे सरकले त्यात आहे.

मला सर्वांत आवडतो तो श्वासाचा रकाना. श्वास मोजतोय असं सांगितलं की माणसाचा श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजून झाल्यावरही सिस्टरनं आत्याचं मनगट सोडलं नाही. नजर छातीवर ठेवून पूर्ण एक मिनिट ती उभी राहिली. ओळीओळीला १८, १८, १८ लिहिलेले कागदही मी पाहिलेत. ते खाटेपाशी उभं राहून भरलेले नसतात. खरा कागद असा खडबडीत असतो.

दंडाच्या पट्टीनं बीपी मोजणं रिवा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये दाखवलं, स्टेथोस्कोपनं खालचा आकडा ऐकण्याची रीत कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये. बोटांची विद्या मात्र फार जुनी. शार्ङ्गधरानं नाडीच्या चालीला साप, बेडूक, हंस यांच्या उपमा दिल्या, कारण वेगाखेरीजही नाडीत पुष्कळ काही असतं. तीनच्या ओळीपुढं समासात सिस्टरनं लिहिलं होतं: ‘नाडी बारीक. हात गार.’ तोवर अख्ख्या कागदावर शब्द एवढेच चार, आणि माझ्या मते तेच त्यातलं सर्वोत्तम लेखन.

“डॉक्टर मॅडमना बोलवा, लगेच,” ती वॉर्डबॉयला म्हणाली. चाकूरहून लातूर पस्तीसेक किलोमीटर. वरचा आकडा कोसळेपर्यंत थांबलो असतो आणि तिकडं न्यावं लागलं असतं, तर तो रस्ता फार लांब झाला असता. साडेतीनला आत्या पुन्हा टेबलावर होती. टाक्यांच्या आत एक रक्तवाहिनी झिरपत होती, ती बांधली.

सहाची ओळ : नाडी ८८, बीपी ११८/७६, श्वास १६. समासात : ‘हात उबदार.’