हाक मारणारे कोणी नसताना

जगाच्या अंतानंतर उरलेला एकटा माणूस हा पाश्चात्त्य कादंबरीचा जुना विषय आहे. मेरी शेली यांनी तो १८२६ सालीच हाताळला होता. ऑस्ट्रियन लेखिका मार्लेन हाउसहोफर (१९२०-१९७०) यांची १९६३ साली प्रसिद्ध झालेली ‘भिंत’ ही जर्मन कादंबरी मात्र अंताच्या वर्णनात रमत नाही. पुढच्या दिवसाचे काय, एवढाच तिचा प्रश्न आहे.

आल्प्स पर्वतातील शिकारीच्या बंगल्यात मुक्कामाला आलेल्या एका मध्यमवयीन स्त्रीभोवती रातोरात अदृश्य भिंत उभी राहते. पलीकडचे सारे जीव निश्चल झालेले असतात. रॉबिन्सन क्रूसोला गलबताची आशा तरी होती. हिला तीही नाही. ती घड्याळाला किल्ली देते, दिनदर्शिकेवर दिवस खोडते, बटाटे लावते, गवत कापते, बेला गाईची धार काढते. ही कामे म्हणजे वेळ घालवण्याची साधने नव्हेत. मुक्या जिवांची भूक तिला रोज अंथरुणातून उठवते.

येथे लेखिकेची एक योजना वाचकाने ध्यानात घ्यावी. गाईला नाव आहे, लुक्स या कुत्र्याला नाव आहे. निवेदिकेचे नाव मात्र अखेरपर्यंत कळत नाही. नाव हाक मारणाऱ्यासाठी असते. हाक मारणारे उरले नाही तेव्हा तिचे नाव गळून पडले; पण दुसऱ्याला हाक मारण्याचा धर्म तिने सोडला नाही. तिचे माणूसपण त्यावरच तगले.

कादंबरीच्या शेवटी एक अनोळखी पुरुष अवचित येतो आणि कुत्र्याला व बैलाला ठार करतो. तिची बंदूक त्याचा अंत करते. या प्रसंगाची पूर्वतयारी कथानकात अपुरी वाटते. तरीही माणूस परत भेटला म्हणजे एकाकीपण संपतेच असे नाही, हे कटू सत्य त्यातून उमटते.

नायिका धर्मश्रद्धेत दिलासा शोधत नाही. श्रद्धावंत वाचकाला हे खटकेल. पण तेवढ्यावरून पुस्तक मिटू नये. एकाकी वृद्धांना आपण सांत्वन देतो, वेळेवर जेवण देतो, आणि त्यांच्या हातचे काम मात्र काढून घेतो. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते, ही जाणीवही त्याबरोबर हिरावली जाते.

जुन्या दिनदर्शिकांच्या पाठीवर लिहिलेली ही हकिकत कागद संपल्यावर थांबते. तेव्हाही ती, थव्याने वाळीत टाकलेल्या एका पांढऱ्या कावळ्याला खाऊ घालायला निघण्याच्या बेतात असते.