हापशाची सहावी पायरी

‘डिझाइन थिंकिंग’ हा शब्द आता व्यवस्थापनाच्या वर्गांतून सरकारी कार्यशाळांपर्यंत पोचला आहे. स्टॅनफर्डच्या डी-स्कूलने रूढ केलेल्या त्याच्या पाच पायऱ्या अशा: माणसाची अडचण समजून घ्या, प्रश्न नेमका मांडा, उपाय सुचवा, नमुना बनवा, तो वापरून पाहा. या क्रमाशी माझे भांडण नाही. तो जिथे संपतो तिथे माझी शंका सुरू होते, आणि ती तपासायला आपला गावचा हापसा पुरेसा आहे.

1960 च्या दशकातल्या दुष्काळांनंतर खडकाळ भागांत बोअर घेतले गेले आणि त्यांवर बिडाचे पंप बसले. परदेशात एका कुटुंबाच्या वापरासाठी बनलेल्या पंपांच्या त्या नकला होत्या. इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खे गाव दांडा मारी. सत्तरच्या दशकाच्या मध्यावरील पाहणीत सुमारे तीन-चतुर्थांश पंप बंद आढळले.

उत्तराची सुरुवात महाराष्ट्रात झाली होती. जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या कामातून पोलादी पंप घडले. सोलापूरच्या पंपात दांड्याला साखळी जोडली होती. त्यामुळे सळई सरळ वर-खाली होई आणि झीज कमी होई. याच रचनेवरून युनिसेफ, केंद्र सरकार आणि मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास यांनी ‘इंडिया मार्क टू’ सिद्ध केला. 1977-78 पासून तो कारखान्यात बनू लागला. पाचही पायऱ्या इथे उत्तम पार पडल्या, तेही डिझाइन थिंकिंगचा गाजावाजा होण्याच्या कितीतरी आधी.

तरीही एक प्रश्न राहिला. आत चामड्याचा साधा वायसर झिजला तरी बोअरमधले सगळे पाइप उपसावे लागत. त्याला अवजारे, चार-सहा माणसे आणि तालुक्याची गाडी लागे. माझ्या शाळकरी वयात आमचा हापसा एका उन्हाळ्यात सव्वा महिना बंद होता, तो एवढ्याच कारणाने. आई त्या दिवसांत ओढ्यातल्या झिऱ्यावर जाई. यंत्र उत्तम होते. ते उघडण्याची सोय मात्र गावाच्या हाती नव्हती.

ही चूक नंतर ओळखली गेली. कोइमतूर भागातल्या प्रत्यक्ष चाचण्यांतून ‘मार्क थ्री’ आला. त्याचा पाइप रुंद होता, म्हणून पाइप न उपसता दट्ट्या वर काढता येई. राजस्थानात तिलोनियाच्या संस्थेने तर खेड्यातल्याच माणसांना हापशाचे मिस्त्री केले. माझ्या मते हा बदल यंत्रातल्या सुधारणेहून मोठा होता.

समर्थक म्हणतील, पायऱ्या वर्तुळात फिरतात. दुरुस्ती त्यातच आली. पण वर्तुळ फिरवायला कोणीतरी तिथे राहावे लागते, आणि कार्यशाळा तर दोन दिवसांत उठते. म्हणून पुढच्या वेळी भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवताना एक चिठ्ठी आधी लावावी: हे मोडल्यावर पाना कोणाच्या हातात असेल?