सिग्मा डीपी१ : एका सदोष कॅमेऱ्याच्या आकर्षणाची चिकित्सा

प्रास्ताविक :
डिजिटल कॅमेऱ्याचे आयुष्य अल्प असते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. नवे मॉडेल आले की जुने विस्मरणात जाते. या नियमाला जे मोजके अपवाद आहेत, त्यांत सिग्मा या जपानी कंपनीच्या डीपी१ या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा समावेश करावा लागेल. २००६ मध्ये घोषित झालेला हा कॅमेरा २००८ मध्ये प्रत्यक्ष विक्रीस आला. त्याच्याविषयीची आस्था अद्याप ओसरलेली नाही. ही आस्था केवळ गतकाळाच्या ओढीतून आली आहे की तिला काही वस्तुनिष्ठ आधार आहे, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रंगग्रहणाचे वेगळे तत्त्व :
बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत ब्राइस बेयर यांनी कोडॅकमध्ये विकसित केलेली, १९७६ मध्ये पेटंट मिळालेली रंगजाळी वापरली जाते. तीत प्रत्येक बिंदू लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग नोंदवतो. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून गणिताने ठरवले जातात. डीपी१ मधील फोव्हिऑन संवेदकाचे तत्त्व याहून भिन्न आहे. निळा प्रकाश सिलिकॉनच्या पृष्ठभागाजवळ, हिरवा त्याखाली आणि लाल अधिक खोलवर शोषला जातो. या गुणधर्माच्या आधारे एकाच ठिकाणी तीन थरांत तिन्ही रंगांची नोंद होते. त्यामुळे बारीक विणीच्या कापडावर इतर कॅमेऱ्यांत उमटणाऱ्या खोट्या रंगछटा येथे सहसा दिसत नाहीत. शिवाय २०.७ × १३.८ मिमी आकाराचा हा संवेदक तत्कालीन अनेक कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांतील संवेदकांपेक्षा कितीतरी मोठा होता. त्याच्या छायाचित्रांतील पोताची स्पष्टता ही म्हणूनच भक्तांची कल्पना नव्हे.

गुण आणि दोष यांचे एकच मूळ :
तथापि चाहत्यांचे सर्व दावे मान्य करता येत नाहीत. १४ मेगापिक्सेल ही संख्या तिन्ही थरांची बेरीज आहे. प्रत्येक थर २६५२ × १७६८ बिंदूंचा, म्हणजे सुमारे ४.७ मेगापिक्सेलचा असतो. सिलिकॉनचे थर रंगांची काटेकोर विभागणी करीत नाहीत. ते रंग वेगळे करण्यासाठी जे गणित करावे लागते, त्यातून अंधूक प्रकाशात रंगांचा गोंगाट वाढतो. ज्या रचनेतून या कॅमेऱ्याचा गुण निर्माण होतो, तिच्यातूनच त्याचा हा दोषही निर्माण होतो, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

मात्र सर्वच दोषांना हे समर्थन लागू पडत नाही. एफ/४ इतकेच उघडणारे, २८ मिमी समतुल्य दृष्टिकोनाचे स्थिर भिंग आणि चित्र साठवताना करावी लागणारी प्रतीक्षा या त्या विशिष्ट उत्पादनाच्या मर्यादा होत्या. या संथपणाला साधनेचा दर्जा देणे म्हणजे अडचणीलाच अलंकार मानणे होय. प्रतीक्षेमुळे छायाचित्रकार अधिक विचार करील, हे शक्य आहे; परंतु त्याच प्रतीक्षेत समोरचा क्षण निसटतो, हेही तितकेच खरे आहे.

समारोप :
२०१४ मध्ये सिग्माने क्वाट्रो मालिकेत तिन्ही थरांची समान विभागणी सोडली आणि वरच्या थराला खालच्या प्रत्येक थराच्या चौपट बिंदू दिले. परिणामी जुन्या समान थरांच्या कॅमेऱ्यांचे वेगळेपण अधिकच ठळक झाले. डीपी१ चे आकर्षण टिकले ते त्याच्या लहरीपणामुळे नव्हे, तर त्याने विचारलेला प्रश्न अन्य कॅमेऱ्यांनी क्वचितच विचारल्यामुळे, असा निष्कर्ष काढता येतो. परंतु या चित्रांच्या मूळ फाइली स्वतंत्र स्वरूपाच्या असून त्यांचे वाचन मुख्यत्वे कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे. कॅमेरा जपणाऱ्याने त्या फाइली वाचण्याचे साधनही जपले पाहिजे. अन्यथा यंत्र शाबूत राहील आणि त्याने पाहिलेले मात्र हरवेल.