‘विश्व २५’ : उपमेचे रूपक होताना

जॉन बी. कॅल्हून यांचा उंदरांवरील निबंध १९७३ साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गर्दीने समाज नष्ट होतो, याचा पुरावा म्हणून तो आजही सांगितला जातो. भाषेच्या अंगाने त्याची तपासणी करणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील कॅल्हून यांनी जुलै १९६८ मध्ये सुमारे अडीच मीटर लांबी-रुंदीच्या बंदिस्त आवारात उंदरांच्या चार जोड्या सोडल्या. अन्नपाणी मुबलक होते; शत्रू व रोगराई नव्हती. पहिली पिले झाल्यावर दर ५५ दिवसांनी संख्या दुप्पट होऊ लागली. पुढे वेग मंदावला. ५६० व्या दिवशी संख्या २,२०० झाली. ६०० व्या दिवसानंतर जन्मलेले एकही पिल्लू जगले नाही. माद्या पिले टाकून देऊ लागल्या. काही नर झुंज व समागम दोन्ही सोडून अंग चाटत बसले. कॅल्हून यांनी त्यांना ‘देखणे’ म्हटले.

निरीक्षण मोलाचे आहे; आक्षेप शब्दयोजनेवर आहे. आवाराचे नाव ‘विश्व’ आणि मृत्यूची चौकट बायबलच्या ‘प्रकटीकरण’ या ग्रंथातून घेतलेली. उर्दू काव्यशास्त्रातील तश्बीह व इस्तिआरा म्हणजे ढोबळमानाने आपली उपमा व रूपक. उपमेतील ‘सारखा’ हा शब्द दोन वस्तूंमधील अंतर राखतो. रूपकात तो गळून पडतो. निबंधाच्या अखेरीस उंदरांवरून माणसाकडे जाताना नेमके हेच घडते.

शिवाय घरट्यांत ३,८४० उंदरांची सोय होती. म्हणजे जागा संपण्यापूर्वीच ऱ्हास सुरू झाला. नव्या पिढीला समाजात भूमिकाच उरली नाही, असे कॅल्हून स्वतःच सांगतात. स्थलांतराची वाटही भिंतींनी बंद केली होती. तेव्हा हा प्रयोग गर्दीइतकाच बंद दाराचाही आहे. माणसांवर प्रयोग करणाऱ्या जोनाथन फ्रीडमन यांनाही, त्यांच्या १९७५ च्या ग्रंथानुसार, केवळ दाटीमुळे असे दुष्परिणाम आढळले नाहीत.

आपले अनेक विद्यार्थी दाट मोहल्ल्यांतून येतात. हा प्रयोग अर्धवट ऐकला, तर आपल्या गल्लीचे भविष्य ठरलेलेच आहे, असे त्यांना वाटेल. म्हणून तो शिकवावा जरूर. परंतु ३,८४० हा आकडा, बंद भिंती आणि ‘सारखा’ हा शब्द, यांपैकी काहीही वगळू नये.