‘देवराई’ कुणाची?

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००४ साली ‘देवराई’ हा पिच्चर काढला. कोकणातला शेष, त्याला स्किझोफ्रेनिया. बहीण त्याला शहरात आपल्या घरी नेते, डॉक्टरकडं नेते. अतुल कुलकर्णीनं शेष असा उभा केलाय की बघणारा वेड्याला हसायचं विसरतो. हे काम मोठं. भगताकडं नको, दवाखान्यात न्या, हे माझ्या दहा भाषणांनी कुणाला पटलं नसतं.

पण मी अलोऱ्याच्या बौद्धवाडीतला. मला भलताच प्रश्न पडतो. शेषचा जीव देवराईत अडकलाय. ती देवराई कुणाची? देवराईतला देव म्हणजे गावकी, मानपान, कुणी कुठं उभं राहायचं ते जन्मानं ठरलेलं. आमच्या बापजाद्यांना तिथं झाडं नंतर दिसली, हद्द आधी.

आता आरोग्यवाले शिकवतात, रुग्णाची संस्कृती समजून घ्या. म्हणजे काय, तर अंगात येणं, देवस्की, नवस. जात निघाली की सगळे गप्प!

समजा, आपला एक पोरगा डॉक्टरसमोर बसून म्हणतो, “गाव माझ्याशी बोलत नाय. दुकानदार सामान देत नाय. सगळे मिळून टपलेत.” डॉक्टर लिहिणार, संशय. अरे, २०१६ साली महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, तो काय भास झाला म्हणून?

दुसरी बाजूही आपणच बोलायला पाहिजे. वाळीत टाकलेला माणूस खरोखर आजारीही असू शकतो. त्याला गोळीही पाहिजे आणि पोलीस ठाण्यात तक्रारही. आपले काही कार्यकर्ते म्हणतात, हे सगळं व्यवस्थेचं पाप, गोळ्या कशाला? हे मला बिलकूल पटत नाही. पोरगा रात्र रात्र झोपत नसेल तर आईला व्यवस्था समजावून भागत नाही.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा चांगला आहे. समाजाच्या रूढी नि धर्म मानत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. उपचारात जातीवरून भेद करता येत नाही. पण रत्नागिरीचं मनोरुग्णालय अलोऱ्यापासून शंभराहून जास्त किलोमीटर. शेषच्या बहिणीचं शहरात घर होतं. आमची बहीण रोजगार बुडवून एस.टी.नं जाणार. तिथं झोप विचारतील, भूक विचारतील, दारू विचारतील. गावकीत बसायला देतात का, हे कोण विचारणार? म्हणून आपल्यातल्या एकानं तिच्याबरोबर जावं, आणि पोराची हरकत नसेल तर एवढं डॉक्टरच्या कानावर घालावं.