स्वतंत्र लेखकाचे पुस्तक आणि तालुक्याची समीक्षा : जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना :

स्वतःच्या खर्चाने पुस्तक छापणारा, प्रस्थापित प्रकाशनसंस्थेचे पाठबळ नसलेला आणि विक्रीची जबाबदारीही स्वतःच उचलणारा लेखक येथे 'स्वतंत्र लेखक' या संज्ञेने अभिप्रेत आहे. जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत असे लेखन सातत्याने होत आले आहे. कवितासंग्रह, गावाचा इतिहास, किल्ल्यांची माहिती, अभंगरचना, वगनाट्य, वनौषधींची पुस्तिका, आत्मकथन असे त्याचे अनेक प्रकार आहेत. या पुस्तकांचे प्रकाशन समारंभपूर्वक होते. त्यांची समीक्षा मात्र क्वचितच होते. प्रकाशनसमारंभातील भाषणे, पाहुण्यांनी लिहिलेली प्रस्तावना आणि त्या प्रस्तावनेचाच गोषवारा असलेला 'पुस्तक परिचय' एवढ्यावर पुस्तकाचे सार्वजनिक आयुष्य संपते. स्वतंत्र लेखकाच्या पुस्तकाचा परिचय म्हणजे नेमके काय, आणि तो करून देण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

जुन्नर आणि ओतूर येथील श्रोते :

या प्रश्नाचे एक उत्तर याच परिसराने एकोणिसाव्या शतकात दिलेले आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ १८८३ साली पूर्ण केला. ग्रंथ जसजसा तयार होत गेला तसतसा तो मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर इत्यादी ठिकाणच्या लोकांना आपण वाचून दाखविला, आणि मजकूर खरा असल्याबद्दल त्यांनी आपल्या सह्या पाठविल्या, असे फुले यांनी नमूद केले आहे. या नोंदीकडे फुले यांच्या लोकसंपर्काचा पुरावा म्हणून पाहण्याची प्रथा आहे. वाङ्मयीन व्यवहाराच्या दृष्टीने तिचा अर्थ अधिक व्यापक आहे. जमीन महसूल, कर्ज, पाटबंधारे, जंगल खाते आणि कुणब्याच्या घरातील दैन्य यांविषयी लिहिलेला मजकूर ज्यांच्याविषयी लिहिला त्यांच्यापुढेच, छापण्यापूर्वी, तपासणीसाठी ठेवला गेला. जुन्नर व ओतूर येथील त्या श्रोत्यांपैकी किती जणांना लिहितावाचता येत होते हा प्रश्न येथे गौण ठरतो; मजकूर खरा की खोटा हे ठरविण्याचा त्यांचा अधिकार लेखकाने मान्य केला होता. विद्यापीठीय नियतकालिकांत आज ज्याला समकक्ष परीक्षण म्हटले जाते त्याची ही एक देशी आणि अधिक कठोर आवृत्ती होय.

या तपासणीनंतरही ग्रंथाची वाट सुकर झाली नाही. 'दीनबंधू' पत्रात पहिली दोन प्रकरणे प्रसिद्ध झाली आणि पुढील प्रकरणे छापण्यास संपादकांनी नकार दिला. संपादक नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक चळवळीतीलच अग्रणी कार्यकर्ते होते, ही बाब ध्यानात घ्यावयास हवी. स्वतंत्र लेखकाला अडचण केवळ विरोधकांकडून येते असे नाही. स्वकीयांचा संकोचही तितकाच अडवतो. धनंजय कीर व स. गं. मालशे यांनी संपादित केलेले फुले यांचे समग्र वाङ्मय १९६९ साली आले, त्यानंतरच हा ग्रंथ अभ्यासकांच्या हाती सुलभपणे पोहोचला.

दखल न घेण्याचे परिणाम :

फुले यांच्या इतर लेखनाचा अनुभवही निराळा नाही. 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ साली लिहिले गेले. दक्षिणा प्राइज कमिटीकडे ते पाठविण्यात आले व तेथे नाकारले गेले. ते छापून प्रसिद्ध होण्यास १९७९ साल उजाडावे लागले. मराठी नाटकाच्या प्रारंभाची चर्चा तोवर या नाटकाला वगळूनच होत राहिली. म्हणजे नकाराचा परिणाम एका लेखकापुरता राहिला नाही, तर एका वाङ्मयप्रकाराचा इतिहासच त्यामुळे अपुरा लिहिला गेला.

पुढील पुस्तकांच्या बाबतीत फुले यांनी वेगळा मार्ग पत्करला. 'छत्रपती शिवाजीराजे भोसले यांचा पोवाडा' १८६९ साली प्रसिद्ध झाला. तो कुणबी, माळी, महार, मांग वाचकांसाठी असल्याने त्यात लांबलचक संस्कृत शब्द टाळले असल्याचे त्यांनी स्पष्ट केले. शिवनेरीच्या पायथ्याशी असलेल्या वाचकाला या पोवाड्याची वेगळी ओळख करून द्यावयास नको. 'गुलामगिरी'ची (१८७३) किंमत बारा आणे ठेवून गरीब शूद्रातिशूद्रांसाठी ती सहा आणे ठेवण्यात आली. वाचक कोण, त्याची भाषा कोणती आणि त्याच्या खिशात काय आहे, हे तिन्ही प्रश्न लेखकाने स्वतः सोडविले. आज भेटीदाखल वाटण्यासाठीच छापल्या जाणाऱ्या पुस्तकांच्या संदर्भात ही गोष्ट मुद्दाम नोंदविण्यासारखी आहे. फुकट मिळालेले पुस्तक वाचले जातेच असे नाही.

ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' हे उदाहरण याहून बोलके आहे. बुलढाण्याच्या या लेखिकेचे पुस्तक १८८२ साली पुण्यात छापले गेले. त्याच्यावर टीका झाली, उपहास झाला. फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून ताराबाईंची बाजू घेतली व टीकाकारांना खडसावले. या पुस्तकाचा खरा परिचय झाला तो तेथेच, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु तो एकटाच राहिला. त्यानंतर पुस्तक विस्मरणात गेले आणि मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशात आणले. मधल्या नव्वद वर्षांत स्त्रीप्रश्नावर मराठीत विपुल लेखन झाले. त्यातील बहुतेकांना आपल्याआधी असे एक पुस्तक होऊन गेल्याची कल्पना नव्हती.

जुन्नर-आंबेगावची पुस्तके व त्यांचे निकष :

या परिसरातील स्वतंत्र लेखनाकडे वळताना एक अडचण प्रथम लक्षात येते. सर्व वाङ्मयप्रकारांना एकच मोजपट्टी लावली जाते आणि ती बहुधा कवितेची असते. 'ओघवती शैली', 'हृदयस्पर्शी लेखन', 'संग्राह्य ग्रंथ' ही विशेषणे वनौषधींच्या पुस्तिकेलाही लावली जातात. वस्तुतः प्रत्येक प्रकाराला विचारावयाचे प्रश्न निराळे आहेत.

स्थानिक इतिहासाचे उदाहरण घ्यावे. सातवाहनकालीन नाणेघाट, लेण्याद्रीसह जुन्नरभोवतीच्या डोंगरांतील शैलगृहे, पंधराव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीची पहिली राजधानी म्हणून लाभलेले स्थान आणि शिवनेरी, एवढी सामग्री क्वचितच एखाद्या तालुक्याच्या वाट्याला येते. त्यामुळे येथे इतिहासलेखन विपुल व्हावे हे स्वाभाविक आहे. परंतु त्यातील बराच भाग आधीच्या पुस्तकांतून उतरविलेला असतो. अशा पुस्तकाचे मूल्य त्याच्या अभिमानावर ठरत नाही, नव्या साधनावर ठरते. शिवजन्माच्या तिथीचा वाद या दृष्टीने उद्बोधक आहे. जेधे घराण्याच्या दप्तरातील शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली आणि १६२७ ऐवजी १६३० या वर्षाला आधार मिळाला. महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख २००१ साली स्वीकारली. एका घराण्याच्या कागदांनी प्रचलित समजूत बदलली. जुन्नरच्या एखाद्या वाड्यातील मोडी कागद, देवस्थानाची सनद किंवा मशिदीवरील फार्सी लेख यांचे वाचन छापणारी वीस पानांची पुस्तिका दोनशे पानांच्या गौरवग्रंथापेक्षा अधिक मोलाची ठरते. परीक्षकाने विचारावयाचा प्रश्न एवढाच की, या पुस्तकात यापूर्वी कोठेही न छापलेले काय आहे?

तमाशाविषयक लेखनाचा प्रश्न वेगळा आहे. नारायणगाव हे तमाशाचे केंद्र म्हणून महाराष्ट्रभर ज्ञात आहे. यात्रांच्या हंगामात फडांच्या राहुट्या तेथे लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी देण्यास येतात. भाऊ-बापू मांग आणि विठाबाई नारायणगावकर यांच्या परंपरेने हे नाव मोठे केले. तमाशाची संहिता मात्र कागदावर पूर्ण नसते. गण, गवळण, बतावणी, वग या क्रमात बतावणी ही बरीचशी प्रसंगी रचली जाते. सोंगाड्याचा विनोद समोरच्या गावावर अवलंबून असतो. म्हणून छापलेल्या वगाचे परीक्षण नाटकाच्या संहितेप्रमाणे करून त्यास विस्कळीत ठरविणे अन्यायाचे होय. उलट, फडातील एखाद्या कलावंताने चाली, ढोलकीचे बोल, बिदागीचे हिशेब, गाडीवरचा प्रवास यांची नोंद करून पुस्तक छापले, तर भाषेतील अशुद्धे मोजण्यात परीक्षकाने वेळ दवडू नये. अशी नोंद दुसरा कोणी करणार नाही.

आंबेगाव तालुक्याची गोष्ट याहून गंभीर आहे. तालुक्याला ज्याचे नाव मिळाले ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयाखाली गेले. धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. ते याच तालुक्यातील म्हाळुंगे पडवळचे. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जेथे गावेच नाहीशी होतात तेथे आत्मकथन, गावनोंदी, वंशावळी, शेतांची व पाणवठ्यांची नावे यांना दस्तऐवजाचे मोल येते. विस्थापित कुटुंबातील एखाद्याने लिहिलेली अशी वही पुस्तकरूपाने आली तर तिच्यात 'वाङ्मयीन गुणवत्ता' आहे काय, हा पहिला प्रश्न असू शकत नाही. पण म्हणून चिकित्साच नको, असेही नाही. आठवणीतील तपशील शासकीय नोंदींशी जुळतो काय, लेखक स्वतः पाहिलेले व ऐकलेले वेगळे सांगतो काय, कोणाचे अनुभव गाळले गेले आहेत, हे विचारलेच पाहिजे. दुःखाविषयी लिहिलेले पुस्तक टीकेपलीकडचे मानणे हा लेखकाचा सन्मान नव्हे. तो त्याला गांभीर्याने न घेण्याचा सभ्य प्रकार आहे.

आदिवासी जीवनावरील लेखनाबाबत हा परिसर भाग्यवान आहे. जुन्नर तालुक्यातील निमगिरीचे डॉ. गोविंद गारे यांनी महादेव कोळी समाजाविषयी आतून आणि अभ्यासकाच्या शिस्तीने लिहिले. त्यामुळे या विषयावरील नव्या पुस्तकाला मोजण्यासाठी एक स्थानिक मानदंड उपलब्ध आहे. हिरड्यासारख्या वनोपजांवर किंवा झाडपाल्याच्या औषधांवर एखाद्या जाणकाराने पुस्तिका काढली, तर तिचे परीक्षण मराठीच्या प्राध्यापकाने करावे हे योग्य नाही. वनस्पतीची ओळख चुकली तर वाचकाच्या जिवाशी खेळ होतो. ते काम वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाचे. उसाच्या शेतातील बिबट्यावर लिहिलेल्या कथासंग्रहाबद्दलही प्राणिशास्त्राच्या अध्यापकाला काही सांगण्यासारखे असते, निदान बिबट्या माणसावर केव्हा व का येतो याविषयी तरी. बहुविद्याशाखीय नियतकालिकाला एरवी विषयांची मोट बांधल्याचा दोष दिला जातो; स्वतंत्र लेखकांच्या पुस्तकांचे परीक्षण हे असे एक कार्य आहे की जे केवळ अशाच नियतकालिकाला नीट करता येईल.

छोट्या प्रकाशनाची पत :

स्वतंत्र वा छोट्या प्रकाशनातून आलेले पुस्तक दुय्यमच असणार, हा समज मराठीच्या अलीकडील इतिहासाने खोटा ठरविला आहे. वाचक चळवळ म्हणून १९७० नंतरच्या दशकात उभ्या राहिलेल्या 'ग्रंथाली'ने दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध केले. अशोक शहाणे यांच्या 'प्रास प्रकाशन'ने काढलेल्या अरुण कोलटकर यांच्या 'भिजकी वही'ला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. अर्थात या दोन्ही ठिकाणी मागे चोखंदळ संपादक उभा होता. तालुक्याच्या ठिकाणी छापखाना आहे, अक्षरजुळणी आहे, मुखपृष्ठही आकर्षक होते. हस्तलिखितातील निम्मी पाने काढून टाका असे सांगणारा मनुष्य तेवढा नाही. ही उणीव परीक्षणाने पूर्णतः भरून निघत नाही, परंतु दुसऱ्या आवृत्तीपूर्वी ते सांगितले जाऊ शकते.

प्राध्यापकवर्गाचा या व्यवहाराशी असलेला संबंध केवळ परीक्षकाचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी ग्रंथलेखनाला गुणांकन दिले आणि आयएसबीएन क्रमांकाला अकल्पित महत्त्व आले. हा क्रमांक पुस्तकाची ओळख पटवितो, त्याचा दर्जा ठरवीत नाही, हे सर्वांना माहीत असूनही स्वखर्चाने काढलेल्या पुस्तकांची संख्या महाविद्यालयांतच वाढली. तेव्हा गावातील कवीच्या पुस्तकाला लावावयाचा निकष स्वतःच्या विभागातील सहकाऱ्याच्या पुस्तकालाही लावावा लागेल. प्रत्यक्षात अवघड जाते ते हेच. छोट्या गावात परीक्षक आणि लेखक रोज भेटतात. एखाद्या प्रतिकूल वाक्याने वर्षानुवर्षांचा स्नेह दुरावतो. यावर उपाय म्हणून काही नियतकालिके परीक्षणे दुसऱ्या तालुक्यातील अध्यापकाकडे सोपवितात. जुन्नरची पुस्तके आंबेगावकडे आणि आंबेगावची जुन्नरकडे, अशी देवाणघेवाण ओतूर, जुन्नर, मंचर व घोडेगाव येथील महाविद्यालयांना सहज शक्य आहे.

पुस्तक टिकण्याचा प्रश्न यापुढचा. १८६७ च्या कायद्याने मुद्रित पुस्तकांच्या नोंदणीची व्यवस्था होती; तिच्या जागी आलेला २०२३ चा कायदा नियतकालिकांपुरता आहे. १९५४ च्या ग्रंथवितरण कायद्याप्रमाणे प्रकाशकाने तीस दिवसांच्या आत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय व इतर तीन ग्रंथालयांकडे स्वखर्चाने प्रती पाठविणे बंधनकारक आहे. स्वतंत्र लेखक हा स्वतःच प्रकाशक असल्याने ही जबाबदारी त्याच्यावर येते, पण याची माहिती त्याला क्वचितच असते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची सूची सिद्ध केली, म्हणून कित्येक लहान पुस्तकांचे निदान नाव तरी उरले. तालुक्यातील पुस्तकांची तशी सूची करणे हे एका ग्रंथपालाच्या आवाक्यातील काम आहे. लेखक, शीर्षक, छापखाना, वर्ष, पृष्ठे, किंमत आणि प्रत कोठे पाहावयास मिळेल, एवढ्या सात नोंदी त्यासाठी पुरेशा आहेत. आरंभ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात भेटीदाखल आलेल्या व अद्याप दाखल न केलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यापासून करता येईल.