पाठीमागची भिंत

मराठी नाटकात पडदा वर गेला की अक्षरांचं काम संपतं. नाटकाचं नाव पेपरातल्या जाहिरातीत असतं, नाट्यगृहाच्या फाटकाशी लावलेल्या फलकावर असतं, तिकिटावर असतं. आत गेल्यावर समोर दिवाणखाना दिसतो, चाळीची गॅलरी दिसते, नाहीतर रायगड. स्टँड-अपमध्ये मात्र अक्षरं रंगमंचावरच येऊन उभी राहतात. एक माइक, एक उंच स्टूल, त्यावर पाण्याची बाटली, आणि बोलणाऱ्याच्या पाठीमागे त्या जागेचं नाव. प्रेक्षक तासभर तेवढंच बघतो. कार्यक्रमाचं चित्रीकरण यूट्यूबवर गेलं की तेच नाव पुढे कित्येक वर्षं लाखो लोकांच्या डोळ्यांसमोर राहतं. या कलेत नेपथ्याची जागा अक्षरांनी घेतली आहे. नाटकाच्या नेपथ्यावर आपण परीक्षणात दोन परिच्छेद लिहितो, नेपथ्यकाराला पुरस्कार देतो. या अक्षरांबद्दल मात्र मराठीत कोणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

या नेपथ्याचं मूळ विटांच्या उघड्या भिंतीत आहे. न्यूयॉर्कच्या पश्चिम 44व्या रस्त्यावर बड फ्रीडमन यांनी 1963 साली ‘द इम्प्रॉव्ह’ हा कॉमेडी क्लब सुरू केला. आधी तिथे एक रेस्टॉरंट होतं. भिंतीवरचं जुनं आवरण काढलं तेव्हा खालून विटा निघाल्या. त्या पुन्हा झाकायला पैसे नव्हते, म्हणून भिंत तशीच राहिली. पुढे 1982 पासून ‘ॲन इव्हनिंग ॲट द इम्प्रॉव्ह’ हा कार्यक्रम अमेरिकी टीव्हीवर दिसू लागला आणि विटांची भिंत आणि विनोद यांची जोडी लोकांच्या मनात पक्की झाली. ओढगस्तीतून आलेली गोष्ट अशी शैली होऊन बसली. पण तिच्यामागे दृष्टीला पटणारं कारणही होतं. खऱ्या विटेचा पृष्ठभाग खरखरीत असतो, तो झोताचा प्रकाश शोषून घेतो, सांध्यांत बारीक सावल्या पडतात, आणि त्या काळपट तांबड्या पार्श्वभूमीवर माणसाचा चेहरा उठून दिसतो. आज पुण्या-मुंबईच्या छोट्या जागांमध्ये विटांचं चित्र छापलेला वॉलपेपर गुळगुळीत भिंतीवर चिकटवलेला दिसतो. त्यावर दिवा पडला की कागद चकाकतो, सांध्यांत सावली नसते, आणि त्याच्यावर लावलेलं नाव हवेत टांगल्यासारखं वाटतं. नक्कल झाली ती दिसण्याची. प्रकाशाशी विटेचं जे नातं होतं ते मागेच राहिलं.

लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेव्हार्डवरच्या ‘द कॉमेडी स्टोअर’ने वेगळी वाट धरली, आणि माझ्या मते अक्षरांचा याहून अर्थपूर्ण वापर या कलेत झालेला नाही. 1972 साली ही जागा सुरू झाली. आधी त्याच इमारतीत ‘सिरोज’ नावाचा प्रसिद्ध नाइटक्लब होता. इमारत काळ्या रंगाची आहे आणि तिच्या बाहेरच्या भिंतींवर विनोदकारांची नावं पांढऱ्या रंगात लिहिलेली आहेत. तिथल्या नियमित मानधनावरच्या कलाकारांत जागा मिळाली की नाव भिंतीवर लागतं. आपल्याकडे देवळाच्या फरशीवर देणगीदारांची नावं कोरलेली असतात, तसंच हे, फक्त इथे देणगी वर्षानुवर्षं उभं राहून बोलण्याची आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती भिंत एका बोधचिन्हासारखी दिसत नाही. माणसांची गर्दी दिसावी तशी ती दिसते. जागेची ओळख तिथे उभ्या राहिलेल्या माणसांनी घडली आहे, हे त्या पांढऱ्या अक्षरांनी कुठलंही घोषवाक्य न लिहिता सांगितलं.

याच नावाची पण स्वतंत्र जागा लंडनमध्ये 1979 साली पीटर रोझेनगार्ड आणि डॉन वॉर्ड यांनी सोहोतल्या एका स्ट्रिप क्लबच्या वरच्या मजल्यावर सुरू केली. तिचं चिन्ह म्हणजे उघडं, हसणारं तोंड. चिन्ह म्हणून ते अचूक आहे. कुठल्याही भाषेच्या माणसाला कळतं, आकार लहान केला तरी टिकतं. रंगमंचाच्या मागे मात्र मला ते खटकतं. बोलणाऱ्याचा पहिला शब्द निघायच्या आधीच ते तोंड हसून मोकळं झालेलं असतं. विनोदात शांततेला फार किंमत असते. वाक्य संपल्यावर अर्धा क्षण जे थांबणं असतं, त्याच्या पाठीमागे सतत हसणारी आकृती नको.

हीच लंडनची ‘कॉमेडी स्टोअर’ 2010 साली मुंबईत लोअर परळला, फिनिक्स मिलच्या आवारातल्या पॅलेडियममध्ये आली. पुढे ‘कॅनव्हास लाफ क्लब’ हे नाव आलं. मुंबईतल्या इंग्रजी-हिंदी स्टँड-अपला पहिलं कायमचं घर तिथे मिळालं, हे ऋण मान्य केलंच पाहिजे. पण ज्या गिरणगावात खऱ्या विटांच्या भिंती आणि चिमण्या पिढ्यान्‌पिढ्या उभ्या होत्या, ज्या गिरण्यांच्या फाटकांवर आणि चाळींच्या कमानींवर हाताने घडवलेली देवनागरी आणि गुजराती अक्षरं होती, तिथे विनोदाच्या रंगमंचाचं रूप ठरवताना नजर गेली ती थेट लंडन-न्यूयॉर्ककडे. त्यानंतर उघडलेल्या बहुतेक जागांनी तोच साचा घेतला: काळी किंवा विटांची भिंत, मध्यभागी रोमन अक्षरांतलं निऑन.

भिंतीवरचं नाव ही शोभेची गोष्ट नव्हे. खारमधल्या ‘द हॅबिटॅट’ने ते भोगलं आहे. अनेक तरुण विनोदकारांचे गाजलेले व्हिडिओ तिथे चित्रित झाले. मार्च 2025 मध्ये कुणाल कामरा यांच्या तिथे चित्रित झालेल्या कार्यक्रमावरून जागेची तोडफोड झाली. कलाकाराच्या मजकुरात आपला सहभाग नसतो असं सांगत जागेने दारं बंद करत असल्याचं जाहीर केलं. बोलणारा एक आणि भिंत दुसऱ्याची, हा फरक पाहणाऱ्याच्या डोळ्याला दिसत नाही. पाठीमागची भिंत आणि समोरचा माणूस मिळून एकच चित्र होतं.

आता मराठीकडे येतो.

एकट्याने उभं राहून हसवण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. पु. ल. देशपांड्यांनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर उभी केली. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये 52 पात्रं एकट्याने साकारली. गेल्या दहाएक वर्षांत, म्हणजे 2016 मध्ये ‘भाडिपा’ हे मराठी यूट्यूब चॅनेल सुरू झाल्यानंतरच्या काळात, मराठी स्टँड-अपला स्वतःचा प्रेक्षक मिळाला. कॅफे, हॉटेलांचे हॉल, तळघरातल्या खोल्या, आणि नाव झालेल्यांसाठी मोठी नाट्यगृहं. भाषा बदलली, विषय आपल्या घरांतले आले, बोलीही आल्या. भिंत तेवढी बदलली नाही. पुण्यातल्या एका तळघरात मी मराठी ओपन माइक पाहत होतो. मंचावरचा मुलगा सोलापूरकडचा, बोलत होता अस्सल तिकडचं, हॉल भरून हसत होता. आणि त्याच्या डोक्यामागे गुलाबी निऑनमध्ये एक इंग्रजी वाक्य जळत होतं. त्याचं बोलणं आणि ती भिंत एकमेकांना ओळखत नव्हती. मला त्याच्यासाठी वाईट वाटलं.

यावर जागा चालवणारे सांगतात की देवनागरी निऑनमध्ये जमत नाही. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. आजचं ‘निऑन’ बहुधा काचेच्या नळीचं नसतं. ॲक्रिलिकच्या पत्र्यावर बसवलेली सिलिकॉनची एलईडी पट्टी असते. ती ठरावीक मर्यादेपलीकडे वाकत नाही. क आणि फ यांच्या वाट्या, ण आणि श यांची वळणं, र-कार, रफार, जोडाक्षरं लहान आकारात करायला गेलं की पट्टी तुटते किंवा अक्षराचं गाठोडं होतं. वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, त्यामुळे देवनागरी नावाला रोमनपेक्षा उभी जागा जास्त लागते. कॅमेऱ्याची नेहमीची चौकट कमरेपासून वर असते, म्हणजे मधली अक्षरं कलाकाराच्या डोक्याआड जातात. हे सगळं खरं. पण सर्वांत मोठी अडचण वेगळीच आहे. देवनागरीची घडण बोरूच्या कापलेल्या टोकातून झाली. जाड-बारीकपणात तिचा तोल आहे. सगळीकडे सारख्या जाडीच्या पट्टीत ती आणली की तिचा सांगाडा तेवढा उरतो.

मग देवनागरीने एलईडी पट्टीच्या मापात बसायचं कशाला? भिंत रंगवता येते. लाकडात अक्षरं कापून मागून उजेड सोडता येतो, म्हणजे अक्षराचा भरीव देह काळा राहतो आणि कडा उजळतात. जाड-बारीकपणा यात शाबूत राहतो, शिवाय चेहऱ्यावर रंगीत प्रकाश सांडत नाही. नाव दोन ओळींत मांडून एका बाजूला सरकवलं तर कलाकाराच्या खांद्यावरून ते पूर्ण वाचता येतं. शिरोरेषा हे तर देवनागरीला मिळालेलं देणं आहे. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच शिरोरेषा ओढली आणि तिला अक्षरं लटकवली तर ती दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी, चाळीच्या गॅलरीसारखी दिसतील. रोमनला हे करता येत नाही.

जिथे देवनागरी येते तिथे दुसराच रोग आहे. विनोद म्हटलं की गुबगुबीत, वेडीवाकडी, उड्या मारणारी अक्षरं. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले ‘बालू’ आणि ‘मोदक’ हे फॉन्ट मोफत मिळतात आणि ते उत्तम आहेत. ‘मोदक’मध्ये अक्षर इतकं फुगवूनही वाचता येतं, हे कसब मोठं आहे. दोष वापरणाऱ्यांचा. मिठाईच्या खोक्यावर, मुलांच्या पुस्तकावर, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आणि विनोदाच्या रंगमंचावर एकच अक्षर आलं, की ते काही सांगेनासं होतं. वर ते प्रेक्षकाला आधीच गुदगुल्या करू पाहतं, जे त्या हसणाऱ्या तोंडाबद्दल मी म्हणालो तेच. वडिलांच्या मृत्यूबद्दल, शेतीच्या कर्जाबद्दल, जातीबद्दल बोलून हसवणारे विनोदकार आज मराठीत उभे आहेत. त्यांच्या पाठीशी फुग्यांसारखी अक्षरं नकोत.

आणि हे सगळं ज्या भाषेत कमल शेडगे होऊन गेले त्या भाषेत चाललं आहे, याचं दुःख अधिक. 2020 साली ते गेले. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’, ‘मत्स्यगंधा’, ‘वस्त्रहरण’ अशा असंख्य नाटकांची शीर्षकं त्यांनी घडवली. पेपरातल्या जाहिरातीत, काळ्या-पांढऱ्या शाईत, बोटभर जागेत त्यांनी नाटकाचा स्वभाव अक्षरात उतरवला. लोक नाटकाचं नाव वाचायच्या आधी ओळखायचे. एका नाटकाचं अक्षर त्यांनी दुसऱ्याला चिकटवलं नाही. विनोदी नाटकाच्या अक्षरात खट्याळपणा असे, पण तो त्या नाटकाचा असे. हे शिक्षण आपल्या घरात आहे. त्यासाठी न्यूयॉर्कला जावं लागत नाही.

कायद्याने थोडंफार घडलं. महाराष्ट्राच्या दुकानं आणि आस्थापना कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली: नामफलक मराठीत, देवनागरीत हवा आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली आणि फलक भराभर लागले. मला ते लागल्याचा आनंद आहे. पण लागलं ते काय? इंग्रजी नावासाठी महिनोन्‌महिने घडवलेलं बोधचिन्ह, आणि शेजारी संगणकात आयता असलेल्या फॉन्टमध्ये तेच नाव ताणून मोठं केलेलं. विंडोजमधला ‘मंगल’ र. कृ. जोशींनी पडद्यावरच्या बारीक मजकुरासाठी घडवला. तो सहा फुटी फलकावर ताणणं हा त्या कामाचा अपमान आहे. कायदा अक्षराची उंची मोजू शकतो, त्याची घडण नाही. शिवाय कायदा दाराबाहेरच्या पाटीपुरताच आहे. आतली भिंत पूर्णपणे आपल्या मर्जीची आहे, आणि म्हणूनच ती आपली खरी आवड उघडी करते.

एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. हा प्रेक्षक मोबाइलवर मराठीसुद्धा रोमन अक्षरांत लिहितो, कलाकारांच्या दौऱ्यांची पोस्टरं रोमनमध्ये असतात, मग भिंतीने देवनागरीचा हट्ट का धरावा? माझं उत्तर असं: टाइप करणं ही सोय आहे आणि रंगमंच हे ठिकाण सोयीचं नाही. तिथे माणूस आपल्या भाषेचा एकेक शब्द पारखून ठेवतो. ‘बघ’ आणि ‘बग’ यांत किती अंतर आहे हे त्याला माहीत असतं. ज्या कलेत शब्दाच्या उच्चारावर हशा ठरतो, त्या कलेच्या भिंतीवर तो उच्चार दाखवू शकणारी लिपी असावी.

म्हणून मराठी ओपन माइक भरवणाऱ्यांना, जागा चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढचं निऑन मागवण्याआधी एकदा सर ज. जी. उपयोजित कला संस्थेतल्या अक्षरलेखन शिकणाऱ्या एखाद्या मुलीला तुमचा कार्यक्रम दाखवायला बोलवा. कलाकार कसे बोलतात ते तिला ऐकू द्या आणि मग नाव लिहायला सांगा. ते शक्य नसेल तर तुमच्याच गावात बघा. फ्लेक्स आल्यापासून हाताला काम नसलेला एखादा जुना पेंटर अजूनही असेल. बारा फूट काळं कापड, पांढऱ्या रंगाचा डबा आणि तुमच्या कट्ट्याचं नाव. त्याच्यासाठी ते एका दिवसाचं काम आहे.